तापीकाठचा उजेड

नवापूरचं रेल्वे स्टेशन दोन राज्यांत आहे. फलाटाचा काही भाग महाराष्ट्रात, उरलेला गुजरातेत. तिथल्या एका बाकड्याच्या मधोमध राज्याची सीमा जाते आणि नवखे प्रवासी त्यावर बसून हौसेने फोटो काढून घेतात. खानदेशातून सुरतेला जाणारी ही तापी व्हॅलीची लाइन 1900 च्या सुमारास सुरू झाली. आज तिच्यावरून माणसं जातात, उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोलीत पोट भरायला गेलेली. त्याच रुळांवरून कोळशाच्या वाघिणीही जातात. छत्तीसगडच्या खाणींतून निघालेला हा कोळसा खानदेश ओलांडून उकाई-सोनगडला उतरतो.

नवापूर सोडलं की थोड्याच वेळात उकाई येतं. वरच्या अंगाला तापीवरचं धरण, खालच्या अंगाला औष्णिक केंद्राच्या चिमण्या. पुढे व्यारा, आणि तिथून जवळच काकरापारची अणुकेंद्र वसाहत. आणखी खाली कामरेज तालुक्यात, नदीच्या काठावर, वायूवर चालणारं सुजेन केंद्र. सुरत ओलांडून समुद्राकडे गेलं की कवास आणि हजिरा. पाणी, कोळसा, वायू, अणू आणि आता ऊन. वीज करण्याच्या जेवढ्या मोठ्या रीती आपल्या देशाने आजमावल्या, त्यातल्या बहुतेक या एका नदीच्या शेवटच्या टप्प्यात सापडतात. विजेच्या भारतीय इतिहासाचा एवढा पट एका पॅसेंजर गाडीच्या खिडकीतून दुसरीकडे क्वचितच दिसेल.

सुरत हे व्यापारी पेढ्यांचं शहर. दिवाळीत इथे लक्ष्मीसोबत चोपड्याचीही पूजा होते. लूम्सच्या कारखान्यालासुद्धा सुरतेत 'खातं' म्हणतात. म्हणून या शहराच्या विजेची गोष्ट हिशेबाच्या अंगाने सांगावीशी वाटते. गेल्या पन्नास वर्षांत इथे जो जो नवा उजेड आला, त्याची जमा उद्घाटनाच्याच दिवशी लिहिली गेली. नावे बाजू मात्र वर्षानुवर्षं कोरी राहिली आणि ती भरली ती त्या समारंभात कुठेच नसलेल्या माणसांनी.

पाणी

तापीवर काकरापारचा बंधारा बांधला गेला तो मुंबई राज्याच्या काळात, 1950 च्या दशकात. गुजरात वेगळं झाल्यावर त्याच्या वरच्या बाजूला उकाईचं मोठं धरण उभं राहिलं आणि 1972 मध्ये पुरं झालं. लांबी जवळपास पाच किलोमीटर, मागे पसरलेल्या जलाशयाचं नाव वल्लभसागर. धरणाच्या पायथ्याशी 75 मेगावॅटचे चार संच बसले, म्हणजे 300 मेगावॅट वीज. धूर नाही, राख नाही, इंधनाचा खर्च नाही. कर्ब उत्सर्जन हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता त्या काळातली ही स्वच्छ वीज.

पण तिच्या नावे पडली ती सुमारे 170 गावं, काही पूर्ण बुडालेली, काही अर्धी. बहुतेक माणसं आदिवासी: गामित, वसावा, चौधरी, भिल्ल. फुगवट्याचं पाणी सीमा ओलांडून नवापूर-नंदुरबारच्या गावांतही शिरलं. सीमेच्या पलीकडे जे गामित, तेच अलीकडे गावित. पाण्याने हा फरक मानला नाही. उकाई आणि काकरापारच्या कालव्यांनी बारडोलीच्या काळ्या रानात ऊस उभा केला, साखर कारखाने आले, मोठी समृद्धी आली. आणि दर हंगामाला त्या उसावर कोयता चालवायला कोण जातं? धुळे-नंदुरबारचे, डांगचे आदिवासी. ज्या पट्ट्यातली जमीन पाण्याखाली गेली, त्याच पट्ट्यातली माणसं त्या पाण्यावर पिकलेला ऊस तोडायला पालं टाकून राहतात. विजेच्या युनिटच्या दरात हा खर्च कधी धरला गेला नाही.

धरणाच्या पोटात आणखी एक पेच होता. पूर अडवायचा तर पावसाळ्यात धरण रिकामं हवं. वीज आणि सिंचन हवं तर ते भरलेलं हवं. एकाच भांड्याकडून या दोन उलट अपेक्षा. बरीच वर्षं हा तोल कसाबसा सांभाळला गेला. मग 2006 चा ऑगस्ट आला. तापीच्या वरच्या खोऱ्यात, म्हणजे आपल्या खानदेशात आणि त्याच्याही वर, धो धो पाऊस झाला. उकाईत आधीच पाणी भरपूर होतं. दरवाजे उघडावे लागले तेव्हा विसर्ग नऊ लाख क्युसेकच्या घरात गेला. शहराजवळ नदीचं पात्र एवढं पाणी सामावू शकत नव्हतं. सुरतेचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला, शंभराहून अधिक माणसं गेली. वीज नाही, प्यायला पाणी नाही, अशा अवस्थेत लोकांनी गच्च्यांवर दिवस काढले. धरण आधीच थोडं थोडं का सोडलं नाही, हा प्रश्न त्यानंतर कितीतरी वर्षं शहरात विचारला जात होता. पुढे धरणातल्या पाण्याच्या पातळीबाबत अधिक काटेकोरपणा आला. पण तो आला पूर ओसरल्यावर.

कोळसा आणि वायू

नदीच्या पाण्यावर वर्षभर सारखी वीज होत नाही, आणि सुरतेच्या मागांना ती बारा महिने, दिवसरात्र लागते. सिंथेटिक कापडाच्या धंद्याने 1970 च्या दशकापासून जी झेप घेतली, तिला विजेची भूक प्रचंड होती. म्हणून धरणाच्या शेजारीच कोळसा आला. उकाई औष्णिक केंद्राचे 120 मेगावॅटचे पहिले दोन संच 1976 मध्ये सुरू झाले, 1979 मध्ये 200 मेगावॅटचे आणखी दोन आले, आणि 1985 मध्ये पाचवा संच 210 मेगावॅटचा. जागा निवडली ती पाण्यासाठी. खाण मात्र शेकडो कोस दूर. भुसावळ-जळगाव-नंदुरबार मार्गे येणाऱ्या प्रत्येक वाघिणीतला बराच भाग शेवटी राख म्हणून उकाईच्या तळ्यांत साठत गेला, कारण आपल्या कोळशात राखेचं प्रमाणच जास्त.

मग आला वायू. मुंबईच्या समुद्रातल्या साठ्यांतला वायू समुद्राखालच्या नळातून हजिऱ्याला उतरवायचं ठरलं आणि 1980 च्या दशकात तिथून थेट मध्य प्रदेश, उत्तर प्रदेशापर्यंत नळ टाकला गेला. हजिरा-बिजयपूर-जगदीशपूर ही ती प्रसिद्ध वाहिनी. तिची व्यवस्था पाहण्यासाठी 1984 मध्ये 'गेल' ही सरकारी कंपनी निघाली. नळाच्या तोंडाशीच असलेल्या सुरतेला त्याचा फायदा मिळणारच होता. एनटीपीसीने कवासला 656 मेगावॅटचं केंद्र उभारलं. हजिऱ्यात खासगी कारखान्यांनी आपापली केंद्रं बांधली. सुरत शहराचं वीजवितरण 1990 च्या दशकाच्या अखेरीस टॉरंट समूहाकडे गेलं आणि त्याच समूहाने अखाखोलला सुजेन हे 1147.5 मेगावॅटचं केंद्र 2009 मध्ये चालू केलं.

वायूची वीज कोळशाच्या निम्म्याहूनही कमी कार्बन सोडते. राखेचा त्रास नाही आणि संच पटकन चालू-बंद करता येतो. कोळशाकडून सूर्याकडे जाताना मधला पूल म्हणून सगळ्या जगाने वायूकडे पाहिलं, तसं आपणही पाहिलं. त्याच 2009 मध्ये कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या समुद्रात नवा वायू निघू लागला होता. त्याच्या भरवशावर देशभर केंद्रं बांधली गेली. पण तो साठा अपेक्षेपेक्षा फार लवकर आटला आणि 2013 च्या सुमारास वीजकेंद्रांना मिळणारा देशी वायू जवळपास थांबला. हजिऱ्याच्या बंदरात जहाजाने येणारा द्रवरूप वायू होता, पण त्याचा भाव परदेशात ठरायचा. युक्रेनच्या युद्धानंतर तर तो आभाळाला भिडला. देशात 20,000 मेगावॅटहून अधिक क्षमतेची वायुकेंद्रं आहेत आणि त्यातली कितीतरी वर्षाचे बरेच दिवस हातावर हात ठेवून उभी असतात. केंद्राचं कर्ज मात्र रोज चालूच असतं. इंधन दुसऱ्याच्या हातात असलं की यंत्र आपलं असूनही वीज आपली होत नाही, हे सुरतेने फार जवळून पाहिलं.

एका वर्षातल्या दोन घटना

या सगळ्यात 1994 हे साल वेगळं काढून ठेवायला हवं.

काकरापारचा 220 मेगावॅटचा पहिला अणुसंच 1993 च्या मे महिन्यात व्यापारी तत्त्वावर सुरू झाला होता. पुढच्याच वर्षी जूनच्या मध्यावर त्या भागात तुफान पाऊस पडला. केंद्राला पाणी पुरवणारं मोतीचेर तळं तुडुंब झालं आणि पाणी टर्बाइनच्या इमारतीच्या तळघरात शिरलं. सुदैवाने त्या वेळी अणुभट्टी बंद होती. अणुकेंद्राला खरा धोका बाहेरच्या पाण्याचा असू शकतो, हे जगाला 2011 मध्ये फुकुशिमाने शिकवलं; तापीकाठी त्याची सूचना सतरा वर्षं आधी मिळाली होती.

त्याच वर्षी सप्टेंबरात सुरतेत प्लेगची बातमी फुटली. पुराचं पाणी ओसरलेलं, मेलेली जनावरं, तुंबलेली गटारं, न उचललेला कचरा. पन्नासच्या वर माणसं दगावली आणि काही दिवसांत लाखो लोकांनी शहर सोडलं. खानदेशाकडे येणाऱ्या गाड्यांना पाय ठेवायला जागा नव्हती.

पुढच्या वर्षी एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त म्हणून आले. अधिकाऱ्यांनी रोज सकाळी रस्त्यावर उतरायचं, कचरा उचलला की नाही ते स्वतः पाहायचं, असा शिरस्ता त्यांनी लावला. दीड-दोन वर्षांत सुरत देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं स्वच्छ शहर म्हणून गणलं गेलं. झोपडपट्ट्यांपर्यंत गटारं पोचली, मैलापाणी शुद्ध करणारी केंद्रं वाढली.

विजेच्या इतिहासात हे कुठून आलं, असं वाटेल. पण पुढचा धागा इथेच आहे. मैलापाण्याचा गाळ बंद टाक्यांत ठेवला की जिवाणू त्याचं विघटन करतात आणि मिथेन तयार होतो, गोबरगॅससारखाच. एरवी हा वायू नुसता जाळून टाकत किंवा तसाच हवेत सोडून देत. मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस-तीस पट जास्त उष्णता अडवतो. सुरत महापालिकेने हा वायू गोळा केला, त्यातला इंजिन खाणारा गंधकाचा अंश धुऊन काढला आणि त्यावर जनित्र चालवलं. अंजना इथल्या केंद्रात 2003 मध्ये अर्ध्या मेगावॅटचा हा संच सुरू झाला. मैलापाण्याच्या वायूतून वीज करणारी ही देशातली पहिली महापालिका. नंतर भटार, करंज, सिंगणपोर इथेही असेच संच बसले. शुद्धीकरण केंद्राचे पंप आणि पंखे त्याच केंद्राच्या विजेवर चालू लागले. पुढे महापालिकेने पोरबंदर जिल्ह्यात पवनचक्क्याही घेतल्या.

मैलापाण्याचे सगळे संच मिळून तीन-साडेतीन मेगावॅट. उकाईपुढे ही वीज म्हणजे समईपुढे काडी. पण मला या गोष्टीत ती सगळ्यांत मोठी वाटते. ज्या घाणीने नऊ वर्षांपूर्वी शहर रिकामं केलं होतं, तिच्यातूनच शहराने दिवा लावला. आणि या विजेसाठी कुणाचं गाव बुडालं नाही, कुणाच्या शेतावर राख पडली नाही. आपली घाण आपल्याच खात्यावर मांडली, एवढंच सुरतेने केलं.

चिमणीचं तोंड

कार्बनची चर्चा निघाली की आपण वीजकेंद्रांकडे बोट दाखवतो. सुरतेत मात्र कोळशाचा एक मोठा वाटेकरी शहराच्या आतच आहे. पांडेसरा, सचिनच्या बाजूला कापड रंगवणाऱ्या आणि छापणाऱ्या शेकडो मिल आहेत. त्यांना वीज लागते त्याहून जास्त वाफ लागते, आणि वाफेसाठी बॉयलर कोळसा खातो. विजेचा कारखाना शहरापासून दूर नेता येतो. वाफ मात्र जिथल्या तिथेच करावी लागते.

पूर्वी या चिमण्यांची तपासणी कशी व्हायची? वर्षातून एखाद-दोनदा माणूस शिडीने चिमणीवर चढायचा, नळी आत घालून नमुना घ्यायचा. त्या दिवशी बॉयलर शहाण्यासारखा चालायचा. गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2019 मध्ये शिकागो, येल या विद्यापीठांतल्या अर्थशास्त्रज्ञांबरोबर नवी रीत सुरू केली. सुरतेतल्या तीनशेहून अधिक कारखान्यांच्या चिमण्यांत सतत मोजणारी यंत्रं बसवली. त्यातल्या जवळपास निम्म्या कारखान्यांनी मिळून किती टन धूळ-काजळी सोडायची, याची एकच मर्यादा ठरवली आणि तिचे परवाने वाटले. ज्याने कमी सोडली त्याने उरलेला परवाना विकायचा, ज्याला जास्त सोडायची आहे त्याने विकत घ्यायचा. परवान्याविना सोडली तर आधी भरून ठेवलेल्या अनामतीतून दंड. चिमणीतल्या काजळीचा असा बाजार जगात पहिल्यांदा भरला तो सुरतेत. त्यात सामील झालेल्या कारखान्यांची काजळी इतरांपेक्षा 20 ते 30 टक्क्यांनी कमी झाल्याचं अभ्यासात दिसलं.

हा बाजार काजळीचा आहे, कार्बनचा नाही, हे लक्षात ठेवायला हवं. पण मुद्दा मोजण्याचा आहे. ज्या शहराला ताग्याताग्याचा हिशेब कळतो, त्याला चिमणीचाही हिशेब ठेवता येतो, हे त्याने दाखवून दिलं.

अणू आणि ऊन

काकरापारला दुसरा धक्का 2016 मध्ये बसला. 11 मार्चला, फुकुशिमाला बरोबर पाच वर्षं पुरी होत असताना, पहिल्या संचाच्या एका शीतक नलिकेतून जड पाणी गळू लागलं. अणुभट्टी आपोआप बंद झाली, केंद्रात आणीबाणी जाहीर झाली. बाहेरच्या लोकांना किरणोत्साराची इजा झाली नाही. पण गळती कशी झाली ते शोधायला फार काळ लागला. दोन्ही संचांतल्या नलिका, प्रत्येकी 306, बदलल्या गेल्या. दुसरा संच 2018 मध्ये आणि पहिला 2019 मध्ये पुन्हा चालू झाला.

शेजारीच तोवर 700 मेगावॅटचे दोन नवे संच उभे राहत होते. काम 2010 मध्ये सुरू झालं आणि ठरल्यापेक्षा बरीच वर्षं लांबलं. पूर्णपणे देशात घडवलेल्या, या आकाराच्या जड पाण्याच्या भट्ट्यांतली पहिली इथेच 2020 च्या जुलैत पेटली. तिसरा संच 2023 च्या जूनमध्ये आणि चौथा 2024 च्या मार्चमध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाला. चार संच मिळून 1,840 मेगावॅट, रात्रीही चालणारी, धुराविना वीज. वीज बंद पडली तरी पंपाविना भट्टी थंड राहावी अशी व्यवस्था या नव्या संचांत आहे. सुरक्षेची अशी तजवीज यंत्रांतच असणं, ही या गोष्टीतली खरी जमा.

आणि ऊन. आज सुरतेच्या गच्च्यांवर, मिलच्या पत्र्यांवर सौर पॅनेल चमकतात. इथली टॉरंट असो की ग्रामीण भागातली दक्षिण गुजरात वीज कंपनी, मीटर उलटं फिरवून घ्यायला लोक रांगा लावतात. कवासच्या वायुकेंद्राच्या तळ्यावर एक मेगावॅटचं तरंगतं सौर केंद्र आहे. त्या विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढला जातो आणि 2023 च्या जानेवारीपासून तो कर्मचाऱ्यांच्या वसाहतीतल्या नळाच्या गॅसमध्ये मिसळला जातो. सुरुवात पाच टक्क्यांनी झाली. चहाच्या भांड्याखाली जळणाऱ्या ज्योतीत उन्हाचा वाटा आहे, हे त्या घरातल्या माणसाला ज्योत पाहून कळतही नसेल.

भारताने 2021 मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत 2070 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं वचन दिलं. 2025 मध्ये देशाच्या स्थापित क्षमतेतला निम्मा वाटा कोळसा-तेल-वायूविना झाला. हे यश मोठं आहे. पण क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष वीज वेगळी. सूर्य मावळल्यावर सुरतेतल्या खात्यांतली रात्रपाळी सुरू होते आणि तेव्हा मागाला वीज मिळते ती अजूनही प्रामुख्याने कोळशाची. देशात तयार होणाऱ्या विजेतला सत्तर टक्क्यांच्या आसपासचा वाटा आजही त्याचाच. उकाईचे 1976 चे दोन जुने संच निवृत्त झाले खरे, पण 2013 मध्ये 500 मेगावॅटचा सहावा संच आला, आणि 800 मेगावॅटच्या सातव्या संचाचं कंत्राट 2025 मध्ये दिलं गेलं. तापीकाठचा इतिहास हेच सांगतो: नवं इंधन आलं म्हणून जुनं गेलं, असं इथे अजून एकदाही झालेलं नाही. प्रत्येक नवी रीत जुनीच्या वर रचली गेली.

हे उलटवायचं असेल तर नुसती नवी पॅनेलं पुरणार नाहीत. दिवसाचं ऊन रात्रीसाठी साठवावं लागेल. उकाईचं पाणी संध्याकाळच्या मागणीसाठी राखून वापरावं लागेल. मिलची वाफ कोळशाविना करावी लागेल. यातलं काहीच फुकट नाही. आणि सौर केंद्रांनाही जमीन लागते, खाणींतला धातू लागतो, जुन्या पॅनेलची विल्हेवाट लागते. त्यांची नावे बाजू कोणाच्या नावावर पडणार, हे आज, जमा लिहितानाच विचारायला हवं. उकाईच्या वेळी ते विचारलं असतं, तर त्या 170 गावांची गोष्ट कदाचित वेगळी झाली असती.

रात्रीच्या गाडीने सुरतेहून परत येताना उकाईचे दिवे दिसतात, मग काळोख, आणि थोड्या वेळाने नवापूरचा फलाट. हंगाम संपलेला असला की कोयत्यावाली माणसं तिथे उतरतात: डोक्यावर बोचकी, हातात गुंडाळलेली ताडपत्री, खांद्यावर झोपलेलं पोर. फलाटावरचा दिवा त्यांच्यावर पडतो. त्या दिव्यात धरणाचं पाणी आहे, खानदेशातून गेलेला कोळसा आहे आणि काकरापारचा अणू आहे. त्यांच्या वाडवडलांची जमीनही त्यातच आहे. तेवढी एक नोंद चोपड्यात अजून व्हायची आहे.